आवतण आणि रिकामी पत्रावळ

मराठीत ‘पंक्तिप्रपंच’ असा एक जुना शब्द आहे. एकाच ओळीत पानावर बसलेल्यांपैकी एकाच्या भातावर तुपाची धार आणि दुसऱ्याच्या भातावर नुसता थेंब, असा जो भेद वाढपी करतो, त्याला हा शब्द लावतात. शब्द माजघराच्या उंबऱ्यावर जन्मलेला असला तरी त्याचा अधिकार नीतीच्या प्रांतात चालतो. पानावर बसलेल्याला वाढप्याकडून समान वागणुकीची अपेक्षा करण्याचा हक्क आहे, असे त्यात गृहीत धरलेले आहे. आणि हा हक्क भुकेतून नव्हे, तर आवतणातून येतो. रस्त्याने जाणारा उपाशी माणूस दया मागू शकतो. आवतण देऊन बोलावलेला माणूस पोट भरलेले असतानाही मान मागू शकतो. ज्या समाजाने हा शब्द घडविला, त्यानेच पंगतीभोवती जातीची कुंपणे घातली आणि कित्येकांना कधी आवतणच दिले नाही, हे विसरून चालणार नाही. तरीही, किंबहुना म्हणूनच, आवतण आणि हक्क यांचा हा संबंध बारकाईने तपासण्याजोगा आहे.

गेल्या दशकभरात भारतीय बाजारपेठेने ह्या संबंधाची एक विलक्षण परीक्षा घेतली. लक्षावधी माणसांना एकाच घटकेला बोलवायचे आणि पाने मात्र काही हजारच मांडायची, हा व्यवहार संगणकाच्या जाळ्यामुळे इतक्या मोठ्या प्रमाणावर शक्य झाला. मर्यादित साठ्याची विक्री, ठरावीक मिनिटाला उघडणारी सवलत, नाममात्र किमतीत वस्तू देण्याची घोषणा, अशी तिची नाना रूपे आहेत. त्यांतून रिकाम्या हाताने उठलेल्यांचा संताप पुन्हापुन्हा उसळतो आणि पुन्हापुन्हा हसण्यावारी नेला जातो. दूरध्वनी संच अर्ध्या किमतीत मिळाला नाही म्हणून माणसे चिडतात, यात गंभीर ते काय, असा तो हसण्यामागचा भाव असतो. वस्तुतः प्रश्न असा आहे, की ज्याच्या पदरचे काही गेले नाही, त्याच्यावर अन्याय झाला असे म्हणता येते काय?

६ ऑक्टोबर २०१४ रोजी सकाळी आठ वाजता फ्लिपकार्ट या कंपनीने ‘बिग बिलियन डे’ नावाची विक्री सुरू केली. तिची जाहिरात वर्तमानपत्रांची पानेच्या पाने व्यापून झालेली होती. विक्री सुरू होताच संकेतस्थळ अडखळू लागले. काहींना ते उघडेचना. ज्यांना उघडले, त्यांच्यापुढे बहुतेक वस्तूंवर साठा संपल्याची पाटी होती. कित्येकांनी वस्तू निवडली, खरेदीच्या यादीत घातली आणि पैसे भरण्याच्या क्षणी ती नाहीशी झालेली पाहिली. हातातोंडाशी आलेला घास जाणे ह्या मराठी वाक्प्रचाराचे इतके शब्दशः प्रात्यक्षिक क्वचितच घडले असेल. काहींची मागणी स्वीकारून नंतर रद्द करण्यात आली. काही वस्तूंच्या किमती दिवसाच्या मध्येच वाढल्या. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या दोन्ही संस्थापकांनी ग्राहकांना पत्र लिहून क्षमा मागितली. सुमारे पाच हजार सर्व्हर उभे केले होते, नेहमीच्या वीसपट गर्दीची तयारी केली होती, पण प्रत्यक्ष लोंढा त्याहून मोठा निघाला, असे त्या पत्राचे सांगणे होते. आणि त्याच सुमारास कंपनीने हेही जाहीर केले होते, की अवघ्या दहा तासांत दहा कोटी डॉलरची, म्हणजे सुमारे सहाशे कोटी रुपयांची विक्री झाली. क्षमायाचना आणि विजयघोषणा एकाच मुखातून निघाल्या. ह्या योगायोगाकडे पुढे परत यावे लागेल.

अशा प्रसंगी नीतिवादी प्रथम पुढे सरसावतो. त्याचा निवाडा तयार असतो: लोभ धरला, फळ मिळाले. अति तेथे माती ही म्हण त्याच्या जिभेवर असते. ह्या निवाड्यात तथ्य नाही असे नाही. अर्ध्या किमतीच्या आकर्षणाने नको असलेली वस्तू घ्यायला धावणारी माणसे त्या गर्दीत असतातच, आणि जे दहा जणांना मिळाले नाही ते आपल्याला मिळाले, हा आनंद वस्तूच्या उपयोगाहून मोठा असणारेही असतात. परंतु नीतिवाद्याने दोन गोष्टींची गल्लत केलेली आहे. स्वस्ताईची इच्छा म्हणजे लोभ नव्हे. महिन्याच्या पगारातून हप्ते, भाडे आणि शाळेची फी वजा जाता ज्याच्या हाती चार पैसे उरतात, त्याच्या दृष्टीने सवलतीचा दिवस म्हणजे एरवी न परवडणारी वस्तू घरी आणण्याचा बहुधा एकच मुहूर्त असतो. दुसरे असे, की गिऱ्हाइकाचा लोभ सिद्ध झाला तरी त्यामुळे बोलावणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही. पाहुणा खादाड आहे म्हणून यजमानाने रिकामी पत्रावळ मांडावी, असे कोणतेही धर्मशास्त्र सांगत नाही. नीतिवाद्याची नजर नेहमी खाली, पानावर बसलेल्याकडे वळते. उभ्या असलेल्या वाढप्याकडे ती क्वचितच जाते.

कायद्याची नजर काहीशी वेगळी आहे. करारविषयक कायद्याचे सामान्य तत्त्व असे, की जाहिरात म्हणजे वचन नव्हे. ते केवळ व्यवहारासाठी दिलेले आमंत्रण होय. गिऱ्हाइकाने प्रस्ताव मांडायचा आणि दुकानदाराने तो स्वीकारायचा किंवा नाकारायचा. म्हणजे मराठी माणूस ज्याला आवतण म्हणून बंधनकारक मानतो, त्यालाच कायदा आमंत्रण म्हणून बंधनमुक्त करतो. परंतु कायद्यालाही हे सूत्र सर्वत्र ओढून नेता आलेले नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली निकालात काढलेला एक खटला ह्या बाबतीत फार बोलका आहे. मिनियापोलिस शहरातील एका दुकानाने वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती. शनिवारी सकाळी नऊ वाजता फरचे मोजके कोट प्रत्येकी एका डॉलरला, जो प्रथम येईल त्याला. पुढील आठवड्यात अशीच दुसरी जाहिरात आली, तीत १३९.५० डॉलर किमतीचे एक फरचे वस्त्र एका डॉलरला देऊ केले होते. दोन्ही वेळा लेफ्कोविट्झ नावाचा एक गृहस्थ सर्वांआधी हजर झाला आणि दोन्ही वेळा दुकानाने त्याला नकार दिला. ही सवलत फक्त स्त्रियांसाठी आहे, असा दुकानाचा नियम असल्याचे त्याला सांगण्यात आले. जाहिरातीत ह्या नियमाचा मागमूस नव्हता.

न्यायालयाने दुसऱ्या जाहिरातीच्या बाबतीत त्याच्या बाजूने निकाल दिला आणि १३८.५० डॉलर भरपाई मान्य केली. वस्त्राच्या किमतीतून त्याने द्यायचा एक डॉलर तेवढा वजा केला. जाहिरात स्पष्ट होती, निश्चित होती, वस्तू आणि किंमत ठरलेली होती आणि ‘प्रथम येणाऱ्यास’ अशी अट घातलेली होती. तेव्हा तिने वाटाघाटीला जागाच ठेवली नव्हती, असा त्यामागचा विचार आहे. पहिल्या जाहिरातीतील कोटांचे मूल्य मोघम सांगितले होते म्हणून तिथे भरपाई मिळाली नाही. ह्या भेदाचे मर्म लक्षात घेण्यासारखे आहे. बोलावणे जितके नेमके, तितके ते वचनाच्या जवळ जाते. वेळ, किंमत आणि क्रम ठरवून देणारा विक्रेता गिऱ्हाइकाला एक ठरावीक कृती करायला लावतो, आणि ती कृती केल्यावर गिऱ्हाईक केवळ बाजारातला वाटसरू उरत नाही.

भारतीय कायद्यातही ही जाणीव नवी नाही. एकाधिकार आणि निर्बंधक व्यापारी प्रथांविषयीच्या १९६९ च्या अधिनियमात १९८४ साली जी भर घातली गेली, तिच्यात सवलतीच्या किमतीची जाहिरात करून त्या किमतीत वाजवी काळ व वाजवी प्रमाणात माल देण्याचा हेतूच नसणे, ही अनुचित प्रथा ठरविली होती. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी ‘आमिषाची जाहिरात’ वेगळी काढून तिच्यावर अटी घातल्या: अपेक्षित मागणी भागेल इतका साठा असावा, आणि नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. नोव्हेंबर २०२३ मध्ये खोटी निकड निर्माण करणे हेही फसव्या मांडणीच्या प्रकारांत गणले गेले. कायदा अशा रीतीने फसवणुकीला पकडू पाहतो. परंतु साठा खरोखरच होता, सवलत खरी होती, काहींना वस्तू खरोखरच मिळाली, आणि तरीही उरलेल्यांना अपमान वाटला, अशा ठिकाणी कायद्याचे हात आखूड पडतात. नीतीचा खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो.

जुलै २०१४ मध्ये शाओमी या चिनी कंपनीचा एक दूरध्वनी संच भारतात केवळ संकेतस्थळावरून विकायला आला. आधी नाव नोंदवायचे, मग ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी हजर राहायचे, अशी रीत होती. पहिल्या खेपेचा साठा सुमारे अडतीस मिनिटांत संपला, दुसऱ्या खेपेचा पाच सेकंदांत आणि तिसऱ्या खेपेचा त्याहूनही लवकर. हे आकडे कंपनीने लपविले नाहीत, मिरविले. कंपनीचे त्यात एका अर्थी चुकले नाही. साठा मर्यादित आहे हे तिने सांगितलेच होते. परंतु ‘पाच सेकंदांत संपला’ ह्या वाक्याचा अर्थ काय? त्याचा अर्थ असा, की ज्यांना संच मिळाला त्यांच्या कितीतरी पट माणसे दाराशी उभी होती आणि परत गेली. ती परत गेली नसती तर हे वाक्यच तयार झाले नसते. घेणाऱ्यांनी पैसे दिले. न मिळालेल्यांनी कीर्ती दिली.

रिकाम्या पत्रावळीचा अर्थ इथे बदलतो. साध्या पंगतीत अन्न कमी पडले तर यजमानाची मान खाली जाते. नव्या पंगतीत अन्न कमी पडणे हीच यजमानाची शोभा ठरते. २०१४ च्या त्या क्षमापत्राच्या शेजारी सहाशे कोटींची घोषणा उभी राहते, त्याचेही कारण हेच. रिकाम्या हाताने गेलेला माणूस हा व्यवहारातील अपघात नसून व्यवहाराचे एक अंग असतो. त्याला बोलावले, थांबविले, ताटकळविले आणि त्या ताटकळण्यातून वस्तूचे मोल वाढविले. त्याला मात्र वाटत राहिले की आपण गिऱ्हाईक आहोत. माणसाचा केवळ साधन म्हणून वापर करू नये, हा कांटचा दंडक एरवी पाठ्यपुस्तकात फार उंचावर ठेवलेला असतो. ह्या क्षुल्लक वाटणाऱ्या प्रसंगात तो अगदी हाताशी येतो. चिडलेल्या गिऱ्हाइकाला हे तत्त्व ठाऊक नसेल, पण ‘आम्हाला उल्लू बनवले’ असे जेव्हा तो म्हणतो, तेव्हा त्याचे बोट बरोबर ह्याच जागी असते. त्याची वस्तू हुकली हे खरे. पण त्याचा राग त्यापेक्षा आपण कशासाठी वापरले गेलो, याबद्दलचा असतो.

ह्या प्रकाराचे टोक फेब्रुवारी २०१६ मध्ये दिसले. नोएडातील एका कंपनीने २५१ रुपयांत स्मार्टफोन देण्याची घोषणा केली. नोंदणी सुरू होताच संकेतस्थळ कोसळले. समारंभात दाखविलेल्या नमुन्यावर दुसऱ्याच कंपनीचे नाव पांढऱ्या रंगाखाली झाकलेले होते, असे वर्तमानपत्रांनी छापले. पुढील वर्षी कंपनीच्या संचालकाला एका वितरकाच्या तक्रारीवरून अटक झाली. ह्या प्रकरणावर हसणे सोपे आहे आणि तेव्हा पुष्कळ हसूनही झाले. मात्र इतक्या माणसांनी त्या आकड्यावर विश्वास ठेवला, ह्यात त्यांच्या भाबडेपणाइतकीच त्यांची ऐपतही दिसत होती. २५१ रुपये हा आकडा ज्याला विनोद वाटला, त्याच्या खिशात दुसरा फोन होता.

मागणी पुरवठ्याहून मोठी असणे हा मुळात कोणाचा अपराध नव्हे. आषाढी एकादशीला पंढरपुरात जितकी माणसे लोटतात, तितक्यांना एका दिवसात विठोबाच्या पायांवर डोके ठेवता येणे अशक्य आहे. तिथल्या व्यवस्थेने ह्या अशक्यतेला आपल्या परीने उत्तरे शोधली आहेत. वारीच्या काळात देवाचा पलंग काढतात आणि दर्शन रात्रंदिवस चालू राहते; पदस्पर्शाच्या बारीत तासन्‌तास उभे राहणे जमणार नाही त्याला मुखदर्शन आहे; तेही साधले नाही तर नामदेव पायरीशी वाकून आणि कळसाकडे हात जोडून वारकरी परततो, आणि त्याची वारी पुरी झाली असेच मानले जाते. उशिरा आलेल्याला तिथे कोणी हरलेला म्हणत नाही. वस्तूंच्या बाजाराकडून ही अपेक्षा करता येणार नाही, कारण वस्तू वाटली की कमी होते. तथापि बोलावलेल्या प्रत्येकाचे काही ना काही ठेवावे, ही कल्पना बाजाराला अगदीच परकी आहे असेही नाही.

टाटांच्या नॅनो मोटारीचे उदाहरण ह्या दृष्टीने आठवण्याजोगे आहे. एप्रिल २००९ मध्ये तिची नोंदणी झाली, तेव्हा दोन लाखांहून अधिक लोकांनी पैसे भरले. कारखान्याची क्षमता मात्र तितकी नव्हती. कंपनीने पहिल्या एक लाख ग्राहकांची निवड संगणकाच्या सोडतीने केली. ज्यांचे नाव निघाले नाही त्यांना पैसे परत घेण्याची किंवा ते व्याजासह ठेवून थांबण्याची मुभा होती. त्या मोटारीचे पुढे काय झाले हा वेगळा विषय. आणि सोडतीतही नशिबाचा भाग असतोच. पण सोडतीत अर्ज करायला दोन आठवड्यांहून अधिक अवधी होता. पहिल्या दिवशी आलेला आणि शेवटच्या दिवशी आलेला, वेगवान यंत्राचा मालक आणि बँकेच्या शाखेत जाऊन अर्ज भरणारा, दोघांच्या चिठ्ठ्या एकाच मडक्यात पडल्या. थांबणाऱ्याच्या थांबण्याला काही किंमत आहे, हे व्याजाच्या रूपाने मान्य झाले. यॉन एल्स्टर यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात दुर्मीळ वस्तूंच्या वाटपाच्या अशा रीतींचा विस्ताराने विचार केला आहे. सोडत, रांग, गरज, योग्यता ह्या प्रत्येक रीतीमागे न्यायाची एक निराळी कल्पना असते, हे तिथे चांगले उलगडते. सेकंदांच्या विक्रीमागे मात्र न्यायाची कोणती कल्पना आहे?

वरकरणी पाहता तिथे रांगेचाच न्याय आहे: जो आधी, तो आधी. परंतु रांगेला न्याय्य ठरविणारी गोष्ट केवळ क्रम नव्हे. मुंबईत १९४३ साली शिधावाटप सुरू झाले आणि रेशनच्या दुकानापुढची रांग शहरी जीवनाचा भाग झाली. चाळीच्या नळावर त्याहूनही जुनी रांग होती. पहाटे हंडे आणि कळशा ओळीने मांडल्या जात आणि बायका घरात परतत. हंडा माणसाच्या जागी उभा राहत असे आणि त्याला पुढे-मागे सरकविणाऱ्याशी सबंध मजल्याचे भांडण होई. लिऑन मान या मानसशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये मेलबर्नच्या फुटबॉल तिकिटांसाठी रात्र काढणाऱ्या रांगांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात खोकी ठेवून जागा राखण्याची अगदी अशीच रीत वर्णिली आहे. रांग हा एक लहानसा समाज असतो. पुढे कोण आहे, त्याच्या कडेवर मूल आहे की नाही, मध्ये कोण घुसले, हे सारे तिथे दिसते. हरलेल्या माणसाला आपण कोणाकडून आणि कसे हरलो ते कळते, आणि म्हणून तो बहुधा मुकाट्याने घरी जातो.

पडद्यावरच्या रांगेत हे काहीच नसते. सप्टेंबर २०२४ मध्ये कोल्डप्ले या वाद्यवृंदाच्या नवी मुंबईतील कार्यक्रमांची तिकिटे विक्रीला आली, तेव्हा बसल्या जागी असंख्य माणसांना आपल्यापुढे लाखो जण असल्याचे आकडे दिसत होते. हे लाखो कोण, खरे की कल्पित, आकडा कमी होतो आहे तो कशामुळे, हे विचारायला शेजारी कोणी नव्हते. तिकिटे संपली आणि थोड्याच वेळात तीच तिकिटे अनेक पट किमतीत अन्यत्र दिसू लागली. तळे राखी तो पाणी चाखी, ही शंका अशा वेळी मनात न आली तरच नवल. शंका खरी असेल किंवा नसेल. व्यवस्थेने ती फेडण्याचे साधन माणसाच्या हाती ठेवलेले नाही, हेच तिचे वैगुण्य आहे. रेल्वेच्या तत्काळ तिकिटांच्या बाबतीत तर शंकेला शासकीय दुजोराच मिळाला. नोंदणी उघडल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत प्रवेशाचे निम्म्यापर्यंत प्रयत्न माणसांचे नसून स्वयंचलित प्रणालींचे असतात, असे रेल्वे मंत्रालयाने जून २०२५ मध्ये सांगितले. पूर्वी हंडा माणसाच्या जागी उभा राही, तेव्हा त्याच्यामागे एक घर असे. आता निम्म्या रांगेत कोणीच नव्हते.

तेव्हा सेकंदांच्या विक्रीत चपळाई हीच पात्रता ठरते, आणि चपळाई विकत घेता येते. जलद जोडणी, नवे यंत्र, कामाच्या वेळी मोकळा असलेला हात, आज्ञावली लिहू शकणारा मित्र. हे ज्याच्यापाशी आहे त्याला आपण जिंकलो ते आपल्या हुशारीने, असे प्रामाणिकपणे वाटते. इथे चिडलेल्या ग्राहकाचीही थोडी झडती घेणे आवश्यक आहे. ज्याला वस्तू मिळाली, त्याने ही रीत अन्याय्य आहे असे म्हटल्याचे सहसा ऐकिवात येत नाही. आज न्यायाच्या नावाने ओरडणारा उद्या पाच सेकंदांच्या आत बसला, तर त्याची ओरड थांबते. त्याचा राग खरा असतो. पण तो रीतीवर असतो की निकालावर, याची कसोटी त्याच्या पराभवात लागत नाही, विजयातच लागते. आणि त्या कसोटीला फार थोडे उतरतात.

दूरध्वनी संच किंवा गाण्याची मैफल ह्यांच्यापुरते हे राहिले असते, तर इतक्या काथ्याकुटाची गरज नव्हती. पण वाटपाची जी रीत बाजारात अंगवळणी पडते, ती बाजारात थांबत नाही. २८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी चार वाजता, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या नागरिकांसाठी कोविन या संकेतस्थळावर लसीकरणाची नोंदणी सुरू झाली. सुरुवातीला ते अडखळले; तरी त्या दिवशी एक कोटी तीस लाखांहून अधिक लोकांनी नाव नोंदविले. लस मात्र फार थोडी होती. ह्या वयोगटाला आरंभी केंद्रावर जाऊन नाव देण्याची सोय नव्हती. पडद्यावर वेळ मिळविणे हाच एक मार्ग होता. मग तेच घडले. जागा उघडायच्या आणि काही क्षणांत संपायच्या. जागा उघडताच सूचना देणाऱ्या आज्ञावल्या तरुणांनी तयार केल्या आणि मित्रांत वाटल्या. मुंबई-पुण्याची माणसे पालघरच्या आणि ठाणे-पुणे जिल्ह्यांच्या ग्रामीण भागांतील केंद्रांवर वेळ मिळवून मोटारीने तिथे जाऊ लागली. त्या गावची माणसे दाराशी उभी राहून पाहत होती. शहरातून आलेल्यांनी एकही नियम मोडला नव्हता. प्रत्येकाच्या मागे कोणी म्हातारे आईवडील, कोणी गरोदर पत्नी असेल. त्यांना दोष देणे कठीण आहे, आणि गावकऱ्यांना त्यांची बाजू समजावून सांगणे त्याहूनही कठीण.

सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या ३१ मेच्या आदेशात नेमक्या ह्याच गोष्टीवर बोट ठेवले. ज्यांच्यापाशी साधने आणि संगणकाचा सराव नाही, अशा लोकांनी केवळ ह्या संकेतस्थळावर अवलंबून लस कशी घ्यावी, असा त्यातील प्रश्नाचा रोख होता. त्याच्या आठवडाभर आधीच, २४ मे रोजी, सरकारी केंद्रांवर प्रत्यक्ष जाऊन नाव नोंदविण्याची परवानगी दिली गेली होती, आणि २१ जूनपासून अठरा वर्षांवरील सर्वांना केंद्र सरकारतर्फे मोफत लस मिळू लागली. केंद्राच्या दारात पुन्हा माणसांची रांग दिसू लागली.

रेल्वेनेही १ जुलै २०२५ पासून संकेतस्थळावरील तत्काळ तिकिटांसाठी आधारची पडताळणी सक्तीची केली आणि दलालांना पहिला अर्धा तास मज्जाव केला. वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी दहा आणि इतर डब्यांसाठी अकरा ही वेळ मात्र तीच आहे. त्या वेळी स्थानकाच्या खिडकीपाशी अर्ज भरून उभा असलेला, रात्रीपासून नंबर लावलेला माणूस काचेपलीकडच्या कारकुनाच्या बोटांकडे पाहत असतो. त्याच्या मागच्याला तो सांगतो की आज पाचच जण पुढे आहेत, आणि मागचा त्याला विचारतो, की ते पाच जण कुठल्या गाडीचे.